डोंगर वाढवला

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीत अजूनही एक गोष्ट हळू आवाजात सांगतात. नीलांबरीमावशींनी म्हणे मॅनेजरला अळूवड्या खाऊ घालून हेमलॉक हिलचा स्की सीझन एका रविवारने वाढवून घेतला, खास मराठी मंडळासाठी लिफ्ट चालवायला लावली आणि सदुसष्टाव्या वर्षी शिखरावरून सुळकन खाली आल्या. यंदाच्या गणपतीत मी ही गोष्ट तीनदा ऐकली. तिसऱ्या वेळेपर्यंत अळूवड्यांच्या पुरणपोळ्या झाल्या होत्या आणि मॅनेजर विधुर झाला होता.

बाई मूळची सिन्नरची. वडिलांचं किराणा दुकान, हिची शाळेत भूगोलाची नोकरी. तीस वर्षं फळ्यावर हिमनद्या काढल्या, पण बर्फ पाहिला तो उसाच्या रसातच. नवरा गेल्यावर केदारने, म्हणजे मुलाने, इकडे आणलं. त्याला वाटलं, आई घरात बसेल, मालिका बघेल. आईने दोन महिने मालिका बघितल्या, आणि तिसऱ्या महिन्यात हेमलॉक हिलच्या पाटीवर 'लिफ्टवर माणसं हवीत' वाचून अर्ज टाकला.

"आई, अगं मी कंपनीत डायरेक्टर आहे. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, डायरेक्टरच्या आईला नोकरी लागली."

काम काय, तर तारेवरून फिरत येणारी खुर्ची धरायची, माणसाला नीट बसवायचं, कोणी धडपडलं तर लाल बटण दाबायचं आणि मधल्या वेळात फावड्याने बर्फ सारखा करायचा. पहिल्याच उद्घाटनाच्या दिवशी तिने लिफ्टच्या मोटरच्या खोलीच्या पायरीवर नारळ वाढवला. सेफ्टीवाल्याने आवाज ऐकून अपघाताचा फॉर्म पुढे केला. कारणाच्या रकान्यात हिने लिहिलं, 'शुभ'.

पाच हिवाळे तिने हजारो माणसं वर धाडली, पण स्वतः कधी वरून स्कीवर खाली आली नाही. कामाच्या दिवशी लिफ्ट सोडता येत नाही. मात्र तिथे एक रिवाज आहे. शेवटच्या दिवशी चार वाजता लिफ्टवाले सगळे वर जातात आणि एकेक करून खाली येतात. बाकीचे फावडी वाजवून त्यांचं कौतुक करतात. त्यासाठी यंदा ही बाई दर मंगळवारी पोरांच्या उतारावर, पाच-पाच वर्षांच्या चिमुरड्यांच्या रांगेत उभी राहून स्की शिकली. यंदाच का? तर बावीस एप्रिलला गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यानंतर स्की विसरा. म्हणजे तिच्याजवळ एकच दिवस होता, एप्रिलचा पहिला रविवार. सीझन त्याच दिवशी संपणार, असं वेबसाइटवर ठळक अक्षरात होतं.

आता या डोंगरवाल्यांची रीत ऐका. नोव्हेंबरात सगळा उतार तपकिरी होता. पण शेजारच्या डोंगराच्या आधी उघडायचं, म्हणून रात्रंदिवस यंत्रं लावून बर्फाची ओढणीएवढी पट्टी तयार केली आणि 'आम्ही पहिले' म्हणून फोटो टाकले. त्या पट्टीच्या कडेला चिखलात उभी राहून खुर्च्या कोणी धरल्या? हिने. आणि मार्चअखेर, वर कमरेएवढा बर्फ असताना, सोमवारी ईमेल आला: परिस्थिती पाहता सीझन काल संपला, आभार, नोव्हेंबरात भेटू, रविवारी दहा ते बारा या वेळात जॅकेटं परत करावीत. काल संपला! ज्या माणसांच्या हातावर पाच वर्षं डोंगर चालला, त्यांना निरोप द्यायचा तो असा, शिळा करून? आमच्याकडे भाजीवालीसुद्धा उद्या येणार नाही, हे आज सांगते.

बाईच्या अंगाची लाही झाली. तिने मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना, मंजुषाला फोन लावला. मी तेव्हा मंजुषाच्या स्वयंपाकघरात चहा पीत होतो, त्यामुळे हा पुरावा माझ्या कानाचा आहे.

"मंजुषा, मेल्यांनी डोंगर वाढवला गं!"

"काय सांगता मावशी! मग रविवारी आम्ही सगळे येतो."

"या. बघा तरी यांचे धंदे."

मंजुषाने फोन ठेवला तोच ग्रुपवर बातमी टाकली: गुड न्यूज, मावशींच्या ओळखीने सीझन एक्स्टेंड झालाय, डबे घेऊन या.

रविवारी आठ गाड्या निघाल्या. मी मंजुषा आणि तिच्या नवऱ्याच्या, प्रसादच्या गाडीत होतो. मागच्या सीटवर त्यांची नेत्रा फोनमध्ये डोकं घालून म्हणाली, "मॉम, वेबसाइट सेज क्लोज्ड."

"वेबसाइटला काय कळतंय? मावशी आत कामाला आहेत!"

फाटकाला साखळी होती. चाळीस मराठी माणसं डबे घेऊन साखळीकडे बघत उभी. तेवढ्यात मावशी आली. हातात घडी घातलेलं जॅकेट, गाडीच्या डिकीत सेकंडहॅन्ड स्की.

"मावशी, तुम्हीच म्हणालात ना, वाढवला!"

"मग? दुकान वाढवतात, नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात. बंद असं तोंडाने म्हणू नये, एवढंही तुला आईने शिकवलं नाही?"

"मला वाटलं, एक्स्टेंड!"

"अगं एक्स्टेंड झालं असतं तर मी मेल्यांनी म्हटलं असतं का?"

प्रसाद हसायला लागला आणि मंजुषाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने हसू लगेच आवरलं.

मॅनेजर जॅकेटं घ्यायला बाहेर आला. तरुण, सभ्य, तोंडपाठ बोलणारा. म्हणाला, "परिस्थिती अनुकूल नव्हती, नीला."

मावशीने डोंगराकडे बोट केलं. "मग ते काय आहे? मीठ?"

तो ओशाळला आणि खरं बोलला. लोक येत नाहीत. अंगणात गवत दिसलं की त्यांना गोल्फ आठवतो, मग वर बर्फ असून उपयोग काय?

"नोव्हेंबरात लोक होते, बर्फ नव्हता, तर उघडलंत. आज बर्फ आहे आणि लोकही आहेत. हे बघा चाळीस. मोजून घ्या."

मॅनेजरने खरोखरच आमच्याकडे बघितलं. डब्यांकडेही बघितलं. मग म्हणाला, लिफ्टच्या खुर्च्या उतरवल्यात, आणि पायी वर जाऊ द्यायचं तर कामगारांच्या विम्याचा प्रश्न येतो.

"कामगारांच्या ना?" मावशीने जॅकेट त्याच्या हातात ठेवलं. "झालं. आता मी तुमची कामगार नाही."

केदारच्या जुन्या स्वेटरवर ती साखळीखालून वाकून आत गेली. प्रसादने स्की उचलल्या. मॅनेजर फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं वाचू लागला. माणूस अगदीच वाईट नव्हता. गुडघा धरत, थांबत, डोंगरवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बाई लिफ्टच्या पहिल्या खांबापर्यंत चढली. त्यापुढे गुडघा चालेना. शिखर अजून कुठल्या कुठे होतं. तिने मान वर करून ते बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि तिथेच स्की बांधल्या.

पायांचा उलटा व्ही करून ती आली. घसरत आली, थोडी वाकडी आली आणि शेवटी आमच्यासमोर बसकण मारली. फावडी नव्हती, म्हणून मंडळाने डब्यांची झाकणं वाजवली.

उठून, बर्फ झटकून ती डोंगराकडे वळली आणि म्हणाली, "येते हं."

मंजुषा खूश झाली. "म्हणजे पुढच्या वर्षी परत?"

"नाही गं. जाते म्हणू नये, म्हणून."

तर जे खरं ते एवढंच: सीझन वाढला नव्हता, एक आठवडा आधीच बंद केला होता. त्या रविवारी लिफ्ट चालली नाही. नीलांबरीमावशी पहिल्या खांबापासून खाली आल्या, शिखरावरून नाही. अळूवड्या मॅनेजरने खाल्ल्या नाहीत. त्या मी खाल्ल्या.