फार गार न होणारा फ्रिज

गल्फ सोडताना माणूस सगळं विकतो नाहीतर वाटून टाकतो. सोफा नव्याने आलेल्या एखाद्या बॅचलरला, गाडी ऑफिसातल्या कोणाला तरी, पडदे शेजारणीला. किस्से मात्र कोणी घेत नाही. ते बॅगेच्या वजनात धरत नाहीत, म्हणून सगळेच्या सगळे घरी येतात आणि मग आमच्यासारखी माणसं लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला धरून बसवतात. आज तुम्ही सापडलाय, तर ऐका.

आम्ही तिघं होतो. मी निकम, मूळचा कराडचा, अबू धाबीच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये एस्टिमेशनला. मुळे पेंटच्या कंपनीत केमिस्ट, त्याची बायको आणि मुलगी तिथेच अबू धाबीत. आणि साळवी, आमच्याच वर्कशॉपचा स्टोअरकीपर, ज्याला विचार करण्याआधी बोलायची सवय. माझी बायको-पोरं शाळेपायी कराडला, सुट्टीत यायची. त्यामुळे दर शुक्रवारी अड्डा माझ्या फ्लॅटवर.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बिअर विकत घ्यायची तर परमिट लागायचं, परमिटच्या अर्जावर कंपनीची सही लागायची, आणि तो कागद आमच्या जनरल मॅनेजरपुढे धरायची एकाचीही छाती नव्हती. मुळे म्हणाला, "घरीच करू. मी केमिस्ट आहे." सापडलो तर थेट विमानतळ, हे तिघांनाही माहीत होतं. तरी केली. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

*

पहिली बिअर ऑगस्टमध्ये केली. कूलरवर उलटा लावतात तसला पाण्याचा वीस लिटरचा कॅन, त्यात माल्टचं पाणी, साखर, यीस्ट. मुळ्याने तोंडाला बूच लावून एक नळी काढली आणि ती पाण्याच्या ग्लासात सोडली. आत गॅस झाला की ग्लासात गुळुक व्हायचं. पहिल्या दिवशी आम्ही तिघंही त्या ग्लासाकडे पाळण्यातल्या बाळाकडे बघावं तसे बघत बसलो होतो.

दुपारी आम्ही कामावर, एसी बंद, घरात भट्टी. आठव्या दिवशी मुळ्याने घोट घेतला आणि डोळे मिटले. साळवीने घेतला. त्याचं तोंड आंबट झालं.

साळवी म्हणाला, "कोशिंबिरीला बरी आहे."

मुळ्याने निदान केलं. यीस्टला अठरा डिग्री पाहिजे, ना कमी ना जास्त. म्हणजे वेगळा फ्रिज पाहिजे. आणि तोही असा, की जो फार गार होत नाही. आमच्या डोक्याचा भुगा झाला तो इथून.

*

तेव्हा सुपरमार्केटच्या दाराशी एक बोर्ड असायचा. देश सोडून जाणारे लोक त्यावर चिठ्ठ्या लावायचे. एका चिठ्ठीवर फ्रिज होता, दीडशे दिरहम. "म्हणजे सतराशे रुपये," साळवी मोठ्यांदा म्हणाला. त्याला रुपयात सांगितल्याशिवाय महाग की स्वस्त ते कळायचं नाही.

आम्ही गेलो. घरच्या बाई केरळच्या, फार सज्जन. त्यांनी फ्रिज लख्ख पुसून ठेवला होता. मुळ्याने सगळ्या जाळ्या काढल्या आणि खांद्यापर्यंत आत शिरला. बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

आतून मुळ्याचा आवाज आला, "मॅडम, ये जादा ठंडा तो नहीं करता ना?"

बाईंना वाटलं तक्रार आहे. त्या म्हणाल्या, "नहीं नहीं, एकदम ठंडा करता है. बर्फ दो घंटे में."

"अरेरे," मुळे म्हणाला.

"नया गॅस डाला है. बहुत ठंडा."

आम्ही तिघांनीही मान खाली घातली. बाई बिचाऱ्या पन्नास दिरहम कमी करायला तयार झाल्या, तरी आम्ही दुःखी. दार लावताना त्या नवऱ्याला मल्याळममध्ये काहीतरी म्हणाल्या. भाषा कळली नाही, अर्थ कळला.

असे आम्ही पाच फ्रिज बघितले. एकात कॅन उभा राहीना, कारण खाली कॉम्प्रेसरचा उंचवटा. एकाला माशाचा वास. आणि गार सगळेच होत होते. इतके चांगले फ्रिज पाहून इतकं निराश झालेलं गिऱ्हाईक अबू धाबीत दुसरं झालं नसेल.

*

खरं म्हणजे पहिल्यांदाच पारकरभाईंकडे जायला हवं होतं. ते रत्नागिरीकडचे, मुसफ्फात जुन्या फ्रिज-एसीचं दुकान, हाताला यश. पण जायची हिंमत होत नव्हती आणि त्याला कारण मीच.

मी नवा आलो तेव्हा पहिला पगार होईपर्यंत पारकरभाईंनी मला आपल्या खोलीत ठेवून घेतलं होतं. ओळख ना पाळख, "गाववाला आहे" एवढंच. मी कराडचा आणि ते रत्नागिरीचे, मध्ये अख्खा घाट, पण त्यांचं गाव मोठं. रोज रात्री ताटात माशाचं कालवण. माणूस पाच वेळचा नमाजी, आणि माझ्याबद्दल चारचौघांत सांगायचे, "निकमसाहेब म्हणजे सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही." ते ऐकून मला बरं वाटायचं. त्या माणसाच्या नजरेतून उतरायची मला भीती वाटत होती. विमानतळापेक्षा जास्त.

पण पाच फ्रिज झाल्यावर इलाज नव्हता. गेलो. साळवीने माप घ्यायला रिकामा कॅन बगलेत मारून आणला होता.

पारकरभाईंनी सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा मागवला, आम्हाला साखरेचा, स्वतःला बिनसाखरेचा. मग विचारलं, "काय ठेवायचंय त्यात?"

ठरवून काहीच आलो नव्हतो. मी म्हणालो, "औषध." त्याच क्षणी मुळे म्हणाला, "दही." आणि साळवी म्हणाला, "फुलं."

पारकरभाईंनी तिघांकडे पाळीपाळीने बघितलं. "आजारी कोण आहे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आई. आई येणार आहे. तिचं इन्सुलिन."

माझ्या आईला शुगर नव्हती. ती येणारही नव्हती. आठ वर्षांत मी तिला एकदाही बोलावलं नव्हतं, कधी तिचे गुडघे, कधी माझं काम. ती कराडला बसून डिंकाचे लाडू खात होती.

पारकरभाईंनी कप खाली ठेवला. म्हणाले, "माझ्या आईला होती शुगर. मी इथून इन्सुलिन पाठवायचो. गावात तेव्हा फ्रिज कुठला, माठात ठेवायची. मी शंभर लोकांचे फ्रिज नीट केले असतील, तिला एक नेऊन देता आला नाही." मग उठले आणि म्हणाले, "तुमच्या आईसाठी मी बघतो."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि साळवी, ज्याने गप्प बसायला हवं होतं, तो म्हणाला, "अठरा डिग्री पाहिजे."

"अठरा?"

"डॉक्टरने सांगितलंय," मुळे म्हणाला.

पारकरभाईंनी साळवीच्या बगलेतल्या कॅनकडे बघितलं. "बरं," म्हणाले.

*

तीन दिवसांत फ्रिज घरी. एकदारी, उंच, आतली जाळी काढलेली, आणि फ्रिजचा थर्मोस्टॅट काढून तिथे एसीचा बसवलेला. काटा अठरावर. पैसे घेईनात. मी फार गयावया केली तेव्हा पार्टचे तेवढे घेतले. वर म्हणाले, "औषधाचं काम आहे. मी दर शुक्रवारी येऊन बघून जाईन."

झालं. जुम्म्याची नमाज झाली की पारकरभाईंची बेल. बेल वाजली की मी आणि साळवी वीस लिटरचा कॅन फ्रिजमधून उचलून बाथरूममध्ये न्यायचो, आणि मुळे फ्रिजमध्ये खोकल्याच्या औषधाची एक बाटली ठेवायचा. पारकरभाई दार उघडायचे. एवढ्या मोठ्या फ्रिजमध्ये एक खोकल्याचं औषध. ते थर्मामीटर लावायचे, "अठरा. बरोबर," म्हणायचे आणि दार लावायचे. एकदा तळाशी कॅनचा गोल ओला डाग राहिला होता. त्यांनी पिशवीतलं फडकं काढून तो पुसला. मग आमच्याबरोबर वरणभात खाऊन जायचे.

आमची बिअर कधीच नितळ झाली नाही. कशी होणार, दर शुक्रवारी तिची बाथरूमपर्यंत वरात. पण प्यायला जमत होती. मला सोडून. मला ती गोड लागेना, घशाखाली पारकरभाईंची आईच उतरायची.

एकदा मुळ्याची मुलगी केतकी आली होती, सात वर्षांची. बेल वाजायच्या आत ती फ्रिजला कान लावून उभी. "बाबा, व्हाय इज अंकल्स फ्रिज बर्पिंग?"

मुळे म्हणाला, "केतकी, मराठीत बोल."

"इट्स बर्पिंग इन मराठी ऑल्सो," ती म्हणाली.

*

प्रत्येक शुक्रवारी निघताना पारकरभाईंचा एकच प्रश्न. "आई कधी येणार?"

मी सांगायचो, व्हिसाचं चाललंय. मग, तिकिटाचं चाललंय. मग, तिचे गुडघे. ते म्हणायचे, "गुडघे काय, विमानतळावर व्हीलचेअर मिळते. मी येतो गाडी घेऊन." चौथ्या महिन्यात ते स्वतःच टायपिंग सेंटरवाल्याकडून व्हिजिट व्हिसाचा फॉर्म घेऊन आले. नाव तेवढं लिहायचं बाकी होतं.

आता काय करता? मी आईचं नाव लिहिलं. जगात लोक आईला भेटायला बोलावतात. मी खोटं झाकायला बोलावली. फोनवर ती म्हणाली, "खरंच बोलावतोयस? की बायकोने सांगितलं?" मी तिला तिकिटाची तारीख सांगितली.

आई आली. दोन दिवसांत तिने माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. दुसऱ्या फ्रिजला मी कुलूप घातलं होतं. "ऑफिसचं सामान आहे," म्हणालो.

*

मग शुक्रवार आला. मी मनाशी ठरवलं होतं, आज पारकरभाईंना सगळं सांगून पाय धरायचे. पण बेल वाजली तेव्हा आई बाथरूममध्ये नऊवारी भिजवत बसली होती. कॅन हलवायला जागाच नाही. मुळे खोकल्याची बाटली हातात घेऊन हॉलच्या मधोमध उभा, आणि साळवीने दार उघडलंसुद्धा.

पारकरभाई इस्त्रीच्या कपड्यांत, अत्तर लावून आले होते. हातात एक मोठा डबा. आई पदराला हात पुसत बाहेर आली. त्यांनी वाकून नमस्कार केला.

तेवढ्यात आतून आवाज आला. गुळुक.

आई म्हणाली, "हे बघा, चार दिवस झाले, हे असं चाललंय. तुम्ही फ्रिजवाले ना? जरा बघा तरी."

मी मुळ्याकडे बघितलं. मुळे बाटलीवरची एक्सपायरी वाचत होता.

पारकरभाई जागचे हलले नाहीत. म्हणाले, "जुना आहे, आई. मीच दिलाय. त्याला काही झालेलं नाही." आणि सोफ्यावर बसले. थर्मामीटरची पिशवी त्या दिवशी त्यांनी आणलीच नव्हती.

मग त्यांनी डबा उघडून आईपुढे धरला. बकलावा. अरबी मिठाईच्या दुकानातला, पाकात बुडवलेला, चांगला किलोभर. मी उठलो. डबा बाजूला घ्यायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

आईने एक खाल्ला. दुसरा खाल्ला. "लई गोड आहे हो," म्हणाली, आणि तिसरा घेताना डबा त्यांच्याकडे सरकवला. "तुम्ही पण घ्या की."

पारकरभाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि डबा हळूच परत तिच्यापुढे केला.

"मला नाही चालत, आई," ते म्हणाले. "मला शुगर आहे. तुम्ही खा."