माझ्या शेवयाच्या डब्यातला बॅकअप

जोतीरामचं लगीन मी मनातल्या मनात लावूनच टाकलं हुतं बगा! आता आठवलं तरी हसून पोट दुखतंय. शहाऐंशी साल. फौजेतनं पेन्शनीवर आलेला सडाफटिंग गडी, इस्लामपुरात आमच्या शेजारच्या खोलीत ऱ्हायचा. दर शनवारी सांगलीच्या यष्टीतनं उतरायचा, छातीशी चपटं पाकीट धरून. कंडक्टरनं हात लावला तरी वरडायचा. मी गल्लीभर सांगितलं, "पोरींचं फोटू हाईत. लगीन ठरवतंय!"

फोटू कुठलं! ताटलीएवढ्या काळ्या फ्लॉप्या निगाल्या.

आमच्या साखर कारखान्यात कांपुटर आलावता. मी तितंच च्या करायची. कुणाचा ऊस कवा तोडायचा, ती पाळी त्यो लावणार. पर प्रोग्राम व्हायचा सांगलीतल्या मशिनीवर. दोनी मशिनी युनिक्सच्या, एकाच बोलीच्या, म्हंजी एका घरातल्या जावाच, पर बोलनं बंद! मधी तार न्हाई. तितलं फ्लॉपीवर उतरवायचं, यष्टीनं आणायचं, हितं चढवायचं. दोन वर्सं गेटवर राखणीला काढून जोतीरामला ह्ये काम मिळालंवतं. लय जपायचा.

दर येळी दोन जोड करायचा. एक कारखान्यात, दुसरा माझ्या फळीवर, माझ्या शेवयाच्या डब्यात.

"माझा डबा रिकामा कर. शेवया कशात भरू? एक जोड बास की!"

"आक्का, फौजेत निरोप दोन वाटंनी धाडायचो."

"मग बायका बी दोन कर!"

शेतकी अधिकारी नानासोंना मशीन नकोच हुती; त्यांच्या वहीत त्यांचाच ऊस दरसाल पयला लागायचा. जोतीरामला म्हणाले, "दसऱ्याला मशिनीतनं पाळीचा कागद निगाला तर बरं. न्हाईतर वही हाय, आन् तू परत गेटवर."

दसऱ्याच्या आदल्या दिशी खंडेनवमी. मी कचेरीतल्या समद्या हत्यारांची पूजा केली. टाइपरायटर झाला, कात्री झाली, मग टेबलावरल्या फ्लॉप्या. पाकिटातनं काढून, बरुबर मदल्या फटीवर हळदकुकू, वर अक्षता.

दसऱ्याला मशीन कुरकुरली आन् गपगार. जोतीरामनं फ्लॉपी वडून काडली. फटीत कुकू!

"ह्ये कुणी केलं?"

"आरं, हत्यारच न्हवं का त्ये?" मी म्हणलं.

नानासो गालात हासले. "जोतीराम, गेटची शिट्टी आणू का?"

जोतीराम नुसता माझ्याकडं बघाय लागला. मी पदर खोचला आन् घरापातूर पळत सुटले. डबा घिऊन आले तवर त्यानं मशिनीचं तोंड कापसानं पुसून ठेवलंवतं.

दुपारच्याला कागद छापून आला. नानासोंचा ऊस सत्तेचाळिसावा! तोंड बगाय पायजे हुतं.

सांजच्याला जोतीराम दारात.

"आक्का, डबा रिकामा करू का? शेवया भरायच्या न्हवं?"

"ऱ्हाऊ दे."

"आवं, तुमीच म्हणत हुता, एक जोड बास."

"दोन पायजेत, मुडद्या, दोन!"

माझ्या शेवया अजून गाडग्यातच हाईत.