पुनवेचा दुसरा दिवस

इंझोरीच्या शाळेत मी मास्तर होतो तोवर गावातल्या निम्म्याअधिक पोरांचे वाढदिवस माझ्या हातचे होते. जून सरता सरता शाळा उघडायची, आया पोरांचं बखोट धरून आणायच्या आणि मी विचारायचो, जन्म कधीचा? उत्तर यायचं, "तुरी सोंगून राह्यलो होतो तवा," नाहीतर "याच्या काकाचं लगन झालं त्याच साली." रजिस्टरात तुरी लिहिता येत नाहीत. मग पोराचा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला लावायचा. बोटं दुसऱ्या कानाला लागली की सहा वर्षं पुरी समजायची आणि तारीख टाकायची, एक जुलै. माझ्या मास्तरांनी माझीही तीच टाकलेली होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

माझी बायको शाळेत गेलीच नव्हती. त्यामुळे तिच्या वाट्याला एक जुलैसुद्धा आली नव्हती.

हे तिला कधी टोचलं नसतं, पण गावच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले. त्यांची बायको पुण्याकडची, मोकळ्या स्वभावाची. तिच्या वाढदिवसाला आमच्या घरी बोलावणं आलं. बायको नवं लुगडं नेसून गेली. तिथे मेणबत्त्या फुंकल्या, टाळ्या वाजल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "तुमचा कधी असतो हो?" हिला काही सांगता येईना. जमलेल्या बायका हसल्या. वाईट मनाने नसतील हसल्या, पण हसल्या.

संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मले वाढदिवसच नाई."

"मग त्यात काय? एक जुलै टाकून देऊ तुलाही."

"साऱ्या गावच्या पोरायचा एकच दिवस, त्यातला उरलासुरला मले? काही पाह्यजे नाई. मले माझा एकटीचा पाह्यजे."

मी हसलो. तिने भाकरी तव्यावर अशी आपटली की काठ फाटला. ती भाकरी माझ्याच ताटात पडली.

पुढच्या रविवारी ती आसेगावला माहेरी गेली आणि आईला खोदून खोदून विचारून आली. सासूबाईंना एवढंच आठवत होतं की त्या वावरात पऱ्हाट्या उपटत होत्या आणि ही तिथेच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झाली. पऱ्हाटी म्हणजे वेचून झालेल्या कापसाची वाळकी झाडं. ती चैत-वैशाखात उपटतात. "चांदनं होतं काय?" असं हिने विचारलं, तर म्हातारी म्हणाली, "मले काय चांदनं पाह्याची सवड होती काय वं तवा?"

तेवढ्यावर हिने ठरवून टाकलं की आपला जन्म वैशाखी पुनवेचा, बुद्धपौर्णिमेचा. गल्लीतल्या बायकांना सांगूनही टाकलं. मग काय विचारता! नळावर, गिरणीत, जिथे तिथे तेच. "मास्तरीनबाई भगवंताच्या दिवशी जन्मल्या मने! आता आमी बुद्धाच्या इहारात कोनाले वंदन कराव जी?" ती घरी येऊन घागर ठेवायची ती दणकन. एके दिवशी म्हणाली, "ते जिथं जन्मले तिथंच जाऊ. त्याच दिवशी, त्याच जागी माझा वाढदिवस करू. मंग पाह्यतो कोन हसते तं."

लुंबिनी नेपाळात आहे, नेपाळ म्हणजे परदेश, हे मी तिला नकाशा उघडून दाखवलं. तिने नकाशावर वीत टाकून पाहिली आणि म्हणाली, "एक ईतभर तं हाय."

बांगलादेशची लढाई झाली त्याच्या पुढच्या वैशाखात आम्ही निघालो. म्हणजे साल मीही त्या आयांसारखंच सांगतो.

तयारी मात्र मी मास्तरासारखी केली. हेडमास्तर म्हणाले होते की सरकारी नोकर कागदपत्रांशिवाय परदेशात गेला तर नोकरीवर गदा येते. नोकरीवर आमचं सगळं चाललेलं. वडिलांनी दुसऱ्याच्या वावरात राबून मला शिकवलेलं. मी तालुक्याला खेटे घालून चारित्र्याचा दाखला काढला, त्यावर गोल शिक्का घेतला, हेडमास्तरांचं पत्र घेतलं, आमच्या दोघांच्या फोटोवर सही घेतली. गावातला एक जाणकार म्हणाला, नेपाळात बारमास बर्फ. म्हणून एक गरम कोट उसना आणला, घोंगडी घेतली, दोन स्वेटर घेतले. हिने दुधातल्या दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि पिशवीच्या तळाशी मेणबत्तीचा पुडा ठेवला.

कारंज्याहून छोट्या लाइनीच्या गाडीने मूर्तिजापूर, मग भुसावळ, झाशी, लखनौ, गोरखपूर. गाडी बदलली की घोंगडी माझ्या डोक्यावर. जसजसे वर गेलो तसतशी उकाड्याची काहिली वाढत गेली. गोरखपूरला हिने स्वेटरची पिशवी माझ्यापुढे धरून विचारलं, "बर्फ कवा लागन जी?" मी पिशवी बाकाखाली ढकलली.

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी सकाळीच आम्ही सरहद्दीवर पोचलो. वेळेत होतो. पलीकडे मोटार मिळाली की दुपारच्या आत लुंबिनी. रस्त्यात आडवा बांबू, तोही उचललेला. एका बाजूला चहाचं दुकान, दुसऱ्या बाजूला एक कचेरी, आणि कचेरीच्या दाराला कुलूप. बुद्धपौर्णिमेची सुट्टी.

आता लोक म्हणतील, मग काय झालं? तेच तर. काहीच झालं नाही. लोक जात होते, येत होते. सायकलवर भाजीच्या पाट्या बांधून, डोक्यावर गवताचे भारे घेऊन, पोरं काखेत मारून. कुणी कुणाला विचारत नव्हतं. बांबूजवळ बसलेला शिपाई म्हणाला, "जाइए मास्टरजी, कौन रोकता है?"

पण माझ्या पिशवीत गोल शिक्क्याचा दाखला होता आणि तो कुणीतरी पाहायला हवा होता. न दाखवता पलीकडे गेलो आणि परत येताना अडवलं तर? नाव लिहून घेतलं, जिल्ह्याला कळवलं तर? मी शिपायाला म्हणालो, कागदावर पाहिल्याची सही द्या. तो म्हणाला, सही साहेबांची, साहेब उद्या येतील. मी म्हणालो, मग आम्ही उद्या जाऊ. शिपायाने माझ्याकडे असं काही पाहिलं की आजही आठवलं तर कानशिलं तापतात.

बायकोला आधी वाटलं मी थट्टा करतो आहे. मग तिने जे सुरू केलं ते दुपारपर्यंत थांबलं नाही. एक म्हातारी शेळी घेऊन पलीकडे गेली. "पाहा, शेई गेली. तिच्यापाशी दाखला हाय काय?" थोड्या वेळाने वरात गेली, वाजंत्र्यासकट. "हे इतले सारे सरकारी नोकर नाईत वाटते?" मी तिला नियम समजावला. ती म्हणाली, "इतल्या दूर मले आनलं अन् फाटकापाशी बसवलं. तुमची नोकरी पौर्निमेपक्षा मोठी हाय, असं घरीच सांगतलं असतं तं मी दशम्या केल्या नसत्या."

त्यानंतर ती गप्प झाली. तिचं बोलणं मला सोसतं, गप्प बसणं सोसत नाही. चहाच्या दुकानाच्या छपराखाली ती घोंगडीच्या वळकटीवर पाठमोरी बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. मला फार वाईट वाटलं. दोनदा उठलो, बांबूपर्यंत गेलो. तिथून पलीकडचा देश दिसत होता, इकडच्यासारखाच, तीच धूळ, तेच आंब्याचं झाड. एक पाऊल टाकायचं होतं. ते माझ्याच्याने टाकवलं नाही, आणि पौर्णिमा आमच्यासमोर बांबूच्या अलीकडेच मावळली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांनी माझा दाखला हातात घेतला, शिक्का पाहिला, हसले आणि परत दिला. म्हणाले, याची गरज नव्हती. सही त्यांनीही केली नाही. बायको तेव्हा माझ्या शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही, आणि तेवढ्यासाठी मी तिचे जन्मभराचे उपकार मानतो.

लुंबिनीला पोचलो तर तिथे कुणी नव्हतं. आदल्या दिवशीची पताकांची दोरी अर्धी सुटून लोंबत होती, पत्रावळींचे ढीग पडले होते, त्यात कावळे. चौफेर कापणी झालेली उघडी वावरं. एक पिंपळ, एक तळं, एक दगडी खांब आणि एक लहानसं देऊळ. खरं सांगायचं तर नाव ऐकून मनात जे उभं केलं होतं त्यातलं काहीच नव्हतं. मी कोट दंडावर टाकून उन्हात उभा होतो आणि आता हिला काय तोंड दाखवू, एवढाच विचार डोक्यात होता. गावात परत गेल्यावर बायका विचारणार, पुनवेले होती काय तिथं? आणि ही खोटं बोलायची नाही.

ती देवळात गेली. आत झिजलेला दगड होता. बुद्धाची आई झाडाची फांदी धरून उभी आहे आणि मूल जन्माला आलं आहे, असं त्यात कोरलेलं. नाक-डोळे पार पुसून गेलेले. मी तिला समजावून सांगितलं की बुद्धाची आई माहेरी निघाली होती आणि वाटेत इथेच तिला कळा आल्या.

"मंजे उभ्यानंच झाले?"

"असं म्हणतात."

तिने दगडातल्या त्या फांदीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "माह्या मायनं पऱ्हाटी धरली होती."

बाहेर येऊन ती पिंपळाच्या पारावर बसली. राग कुठे दिसेना. मी धीर करून म्हणालो, "चुकलं. एक दिवस हुकला."

"हुकला तो भगवंताचा. कालचा दिवस त्यायचाच होता. त्या गर्दीत माह्याकडं कोनं पाह्यलं असतं?" तिने पदराने पारावरची धूळ झटकली. "आज कोनाचाच नाई हा दिवस. मोकया हाय, रिकामा. मी घेतला."

 तिने पिशवीतून पुडा काढला आणि एक मेणबत्ती पारावर लावली. वारं होतं, म्हणून मी कोट दोन्ही हातांनी धरून आडोसा केला. त्या कोटाचा सगळ्या प्रवासात तेवढाच उपयोग झाला. डॉक्टरीणबाईंसारखी मी फुंकायला सांगेन असं तिला वाटलं असावं, कारण ती आधीच म्हणाली, "फुकाची नाई. इझेतोपर्यंत बसू." तिने पंचशील म्हटलं, मीही म्हटलं. मग आम्ही कडक झालेल्या दशम्या चटणीशी खाल्ल्या. मेणबत्ती संपायला आली तेव्हा तिने विचारलं, "आज तारीख कोनती हाय जी?" मी सांगितली. तिने ती दोनदा घोकली.

गावात आल्यावर तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं, शेळीसकट. बायका माझ्यावर पोटभर हसल्या. पण तिच्या दिवसावर पुन्हा कुणी हसलं नाही. उलट दरसाल तिच्या त्या तारखेला चार जणी आमच्या ओट्यावर येऊन खीर खाऊन जाऊ लागल्या.

पाच-सहा वर्षांनी मी निवृत्त झालो. पेन्शनच्या कागदांसाठी आम्ही दोघं वाशीमला कचेरीत गेलो. टेबलामागे कारकून होता तो माझाच विद्यार्थी, इंझोरीचा. मला पाहून उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा सांगितला. कागद भरता भरता म्हणाला, "गुर्जी, बाईची जन्मतारीख? मालूम नसंल तं एक जुलै टाकून देतो."

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "एक जुलै तुही. माझी अलग हाय." आणि तिने लुंबिनीची ती तारीख सांगितली, घोकलेली, एका दमात. सालाचा अंदाज तेवढा मी दिला.

त्याने लिहून घेतली. सुबक अक्षर, मीच गिरवून घेतलेलं. मग टाक हातातच ठेवून तो माझ्याकडे पाहून हसला. "माही एक जुलै तुमीच टाकली होती ना, गुर्जी?"

"हो," मी म्हणालो.

"तुह्या मायले इचार, कोन्या दिवसात झाला तू," ती म्हणाली.

"माय नाई आता. बाप बी नाई." तो अजून हसतच होता, पण टाक खाली ठेवला होता. "आता इचारावं कोनाले, बाई?"

 मग खुर्चीतून वाकून तिने टेबलावरच्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"मंग मोकया दिवस पाहून एक घेऊन टाक, बापा," ती म्हणाली. "मी बी तसाच घेतला."