गुरुवारची कार्यशाळा

मंगळवारी सकाळी बोत्रे मॅडम गेल्या. प्राचार्यांनी फोनवर सांगितले. मी ग्रंथालय उघडले, दिवे लावले आणि जागेवर बसलो. पहिल्या तासाची घंटा झाली.

शैला बोत्रे आमच्या निगडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्रांची कंपने शिकवत. माहेर महाळुंग्याचे, शेतकऱ्याचे. आता त्या शेतात भाड्याच्या खोल्या आहेत आणि चारी बाजूंना कारखाने. मी महाविद्यालयाचा ग्रंथपाल. मला त्या ‘पुस्तकवाले’ म्हणत, आणि ही हाक सबंध व्हरांडाभर ऐकू जाई.

मी त्यांना प्रथम पाहिले ते एका व्याख्यानात. बाहेरगावचे विद्वान बोलत होते, आम्ही सगळे माना डोलावत होतो. पहिल्या रांगेतून एक हात वर झाला.

“मला नाही कळलं. परत सांगा.”

विद्वानांनी परत सांगितले.

“अजून नाही कळलं. पण तुमचं चांगलं चाललंय, सांगा.”

सभागृह हसले, विद्वानही हसले आणि तिसऱ्या वेळी त्यांनी फळ्यावर चित्र काढून इतके सोपे करून सांगितले की मलाही कळले. नंतर मी विचारले, “तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?”

“निम्मं कळलं होतं. पण मागच्या बाकावरच्या पोरांना काहीच कळलं नव्हतं. ती कशाला विचारतात? मी विचारलं की त्यांची सुटका.”

परदेशी विद्यापीठाबरोबर संयुक्त कार्यशाळा घ्यायची हे त्यांनी मनावर घेतले तेव्हा प्राचार्य म्हणाले, “बोत्रे, पुण्यात एवढ्या मोठ्या संस्था आहेत. ते लोक आपल्याकडे कशाला येतील?”

“सर, त्यांना कारखान्यातल्या आवाजाचा अभ्यास करायचाय. कारखाने आपल्याकडं आहेत. पुण्यात जाऊन काय ऐकणार, हॉर्न?”

फिनलंडच्या एका विद्यापीठाचा गट यायचे ठरले. प्रमुख हेलेना, ध्वनिशास्त्राच्या प्राध्यापक. बरोबर परिचर्येच्या, म्हणजे नर्सिंगच्या, एक संशोधक, एक वास्तुविशारद आणि एक संगीतकार. तीन दिवस आमच्याकडे, मग पुण्यातल्या एका नामवंत संस्थेत. दोन्हींतून एकाची निवड करून ते पाच वर्षांचा करार करणार होते. करार झाला तर दर वर्षी कार्यशाळा होणार, आणि आमच्या विद्यार्थ्यांना त्यांच्याबरोबर संशोधन करता येणार. आमची मुले तळवडे, चाकण, महाळुंग्याकडची. नोकरीच्या मुलाखतीपलीकडे त्यांचे स्वप्न क्वचितच जाई. मॅडम म्हणत, “माझी पोरं त्या टेबलावर बसली पाहिजेत. पाहुण्यांना पाणी द्यायला नाही. त्यांच्याशी भांडायला.”

त्यांनी संख्याशास्त्राच्या सरांना गटात घेतले, मराठीच्या बाईंना घेतले आणि मलाही घेतले. मी म्हटले, “माझं काय काम?”

“बाकी सगळे बोलणारे आहेत. एक ऐकणारा नको?”

पाहुण्यांचे विमान चुकले आणि ते एक दिवस उशिरा आले. मॅडमनी सगळा कार्यक्रम एक दिवस पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी एका कंपनीचा कारखाना बघायचा होता; तिथल्या अधिकाऱ्याला निरोप गेला, त्याने मोबाइलवर अंगठा पाठवला. पहिला दिवस छान गेला. एका विषयाचे दोघे शेजारी बसलेले दिसले की मॅडम एकाला उठवत. “विषय चपलेसारखा दाराबाहेर काढून ठेवायचा. जाताना आपला आपण ओळखून घालायचा,” असे त्यांनी इंग्रजीत सांगितले, आणि त्यांच्या इंग्रजीलाही महाळुंग्याचा हेल होता. संध्याकाळपर्यंत हेलेना “मला नाही कळलं” हे मराठीत म्हणू लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बस कंपनीच्या फाटकाशी थांबली. आत सामसूम. पाहुणे आवाज मोजायची यंत्रे घेऊन उतरले. पहारेकरी उठून आला.

“ताई, आज गुरुवार.”

“मग?”

“मग काय? सुट्टी हाय. आत कुत्रं बी न्हाई.”

औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. महाविद्यालयाला रविवार. ज्यांच्या घरी साखरपुडासुद्धा गुरुवार बघून ठरतो, त्या बाईंनी बुधवारची भेट गुरुवारी सरकवली होती आणि आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते. मॅडमचा चेहरा उतरला. तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला.

“भेट सुरू झाली का?”

“झाली सर. सध्या शांततेचा अभ्यास चाललाय.”

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. “पुस्तकवाले, करार गेला का हो?” त्यांनी हेलेनांना सरळ सांगितले की चूक माझी आहे, कारखाना बंद आहे, आता माझ्या भावाच्या घरी पोहे खायला चला.

महाळुंग्यात त्यांच्या वहिनी दारातच कडाडल्या. “आक्का, आदी सांगायचं तरी! एवढी मानसं, आन तीबी परदेसातली! मी केस धुवून बसलीय.”

“तशीच बस. पोहे मी करते.”

“तू? मग ऱ्हाऊ दे. पाहुणं परत यायला पायजेत ना?”

गल्लीत गुरुवार ऐन रंगात होता. पुरुष मोटारसायकली धूत होते, दोऱ्यांवर कपडे होते आणि पोरे क्रिकेट खेळत इतकी ओरडत होती की हेलेनांनी सवयीने यंत्र सुरू केले. आकडा बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. ही मुले रोज इतकी ओरडतात का, असे त्यांनी विचारले. मॅडमनी मराठीतून तोच प्रश्न भाडेकरू सुनीताला केला. ती जालन्याकडची. नवरा रातपाळीला.

सुनीता हसत सुटली. “रोज? रोज वरडले तर बाप उठून बदडील की! रातपाळीचे लोक दिवसा झोपतेत ना. रोज मुकं क्रिकेट. आऊट झाला तर नुसता हात वर करायचा. आज सगळे बाप जागे हायेत, म्हणून हा धुडगूस.”

मॅडम तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, “मला नाही कळलं. परत सांग.”

त्या माहेरी महिन्यातून एकदा तरी येत, पण रजा काढून, सगळे घरी सापडत त्या गुरुवारीच. गल्लीचे बाकीचे सहा दिवस त्यांनी ऐकलेच नव्हते.

त्यानंतर पोहे गार झाले. वास्तुविशारद खोल्यांच्या भिंतींवर टकटक करत फिरले. परिचर्येच्या बाई झोपेविषयी विचारत होत्या आणि आमचे विद्यार्थी दुभाषे झाले होते. एक पोरगा तर हेलेनांशी भांडला, “मॅडम, यंत्र दारात ठेवून काय उपयोग? माणूस झोपतो तिथे उशीजवळ ठेवा.” बोत्रे मॅडमनी मला कोपराने ढोसले. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा तिथेच गेले, गल्लीचा गप्प दिवस ऐकायला. संगीतकार पायरीवर डोळे मिटून बसले होते.

पुढे पुण्यातल्या संस्थेत सगळे ठरल्याप्रमाणे पार पडल्याचे कानावर आले. मॅडम रोज ग्रंथालयात डोकावत. “वहिनीच्या पोह्यांत मीठ कमी होतं का हो?” शेवटी हेलेनांशी व्हिडिओवर बोलणे झाले. करार आमच्याशी होणार होता. त्यांची एकच अट होती, कार्यशाळेत एक गुरुवार हवा. प्राचार्यांनी पेढे आणवले आणि कल्पना आपल्याला आधीपासूनच आवडली होती असे सांगितले.

पुढच्या कार्यशाळांतून फार मोठे काही घडले असे मी म्हणणार नाही. मॅडमच्या भावाने नव्या खोल्या बांधताना झोपायची बाजू गल्लीच्या उलट घेतली आणि मधली भिंत जाड केली. गल्लीच्या टोकाची जागा पोरांना खेळायला मोकळी सोडली. आमचे काही विद्यार्थी फिनलंडला जाऊन आले, तिथल्या थंडीची तक्रार करत.

मग मॅडमचे दुखणे निघाले. मी भेटायला गेलो तेव्हा डॉक्टर घाईत काही सांगून निघाले होते. खाटेवरून आवाज आला, “मला नाही कळलं. परत सांगा.” डॉक्टर थांबले, स्टूल ओढून बसले आणि सगळे नीट सांगितले. त्या ऐकत राहिल्या. “आता कळलं,” म्हणाल्या.

डॉक्टर गेल्यावर मला म्हणाल्या, “करार संपत आलाय. नवा करून घ्या. कार्यशाळा तुम्ही बघायची.”

“मॅडम, मला कंपनांतलं काही कळत नाही.”

“मग विचारा की. तोंड कशाला दिलंय? आणि रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडा, इथं सलाईन चालू आहे.”

नवा करार झाला आहे. कार्यशाळेचे काम मी बघतो. सभेत माझा आवाज अजून लहान निघतो, पण मी हात वर करतो.