हळदीच्या ढिगावर वाकून

माझ्या घरमालकिणीच्या सुनेनं मला वाचवलं, हे आधी सांगतो. मी त्यांना वहिनी म्हणतो. विष्णुपुरीत त्यांच्या घरामागच्या खोलीत मी भाड्यानं राहतो, आणि त्या एका प्रयोगशाळेत बुरशीवर काम करतात.

मी निलंग्याकडचा. आठवीत शाळा सोडली आणि नांदेडला हळदीच्या गोदामात लागलो. लहानपणी मला टीबी झाला होता. तो बरा झाला, पण फुप्फुसात एक पोकळी ठेवून गेला. गेल्या पावसाळ्यात भिजलेली पोती उपसता उपसता त्या पोकळीत बुरशीनं बस्तान मांडलं. डॉक्टरांनी कित्येक महिन्यांच्या गोळ्या दिल्या. मला एकच धास्ती, फुप्फुस गेलं तर काम गेलं, मग गावी आईसमोर कोणत्या तोंडानं जायचं?

वहिनींना मी रोज तेच तेच विचारायचो. त्या न कंटाळता सांगायच्या. शरीरातच प्रथिनांचे बारीक तुकडे असतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. काही थेट बुरशीच्या अंगाला भोकं पाडतात, काही लढणाऱ्या पेशींना जागं करतात, की उठा, शत्रू शिरलाय. असे तुकडे बाहेर बनवून गोळ्यांच्या जोडीला देता येतील का, ते त्या शोधून राहिल्यात. त्यांचं काम अजून उंदरांपर्यंतच आलंय.

मला हे लई आवडलं. आपल्या छातीत आपली माणसं आहेत, एवढंच ध्यानात राहिलं. त्यात गोदामात आमचा सगळ्यांचा समज, की हळदीजवळ रोग फिरकत नाही. मग मी डोकं चालवलं. गोळ्या देऊन आतल्या माणसांना ऐतखाऊ कशाला करायचं? हळदीनं तयार करू. गोळ्या बंद केल्या, तोंडावरचा रुमाल काढला आणि रोज सकाळी ढिगावर वाकून लांब लांब श्वास घ्यायला लागलो.

एका संध्याकाळी घरमालकीण मावशी भाजी द्यायला आल्या. माझं नाक पिवळं, मिशा पिवळ्या. त्यांनी सुनेला हाक मारली, "बघ गं, ह्याचं लगीन हाय वाटतं, आपल्याला आवतन न्हाई."

वहिनी हसत आल्या. मी ऐटीत सगळी युक्ती सांगितली, तसं त्यांचं हसू मावळलं.

"भाऊजी, त्या ओल्या मालात बुरशीचे कण किती असतात, ठाऊक आहे? तुमची माणसं आत लढतायत, आणि तुम्ही दार उघडून शत्रूला आत घेताय. वर त्यांची हत्यारंही काढून घेतलीत."

"म्हणजे गोळ्या पण लागतात?"

"दोन्ही लागतं. आधी गोळी घ्या, मग बोला."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा सोडून त्या मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर रागावले, पण वेळेत आलात म्हणाले. वहिनींनीच मुकादमाशी बोलून मला धुळीतून काढून वजनकाट्यावर नोंदी करायला बसवलं आणि चांगला मास्क आणून दिला. गोळी घेताना मावशी समोर उभ्या राहायच्या अन् तोंड उघडून दाखव म्हणायच्या.

परवाच्या छातीच्या फोटोत बुरशीची गाठ आक्रसलेली दिसली. खोकलाही उतरलाय. आईला फोनवर सांगितलं, मी कामावर हाय.

या आजारातून उठलेल्या माणसांचं रक्त पुढं अभ्यासाला लागेल, असं वहिनी म्हणतात. वहिनी, तेव्हा पहिला हात माझा. तेवढ्यानं फिटायचं नाही, पण फेडायला तिथून सुरुवात करीन.