गप्प कोण उभं आहे?

"यात गप्प कोण उभं आहे?"

चष्मा कपाळावर सरकवून अक्का कॉम्प्युटरच्या अगदी जवळ तोंड नेत आणि हा एकच प्रश्न विचारत. उत्तर आलं नाही की म्हणत, "पोदुम. पुरे. फेकून दे."

तुम्हीही कधी परीक्षेच्या तोंडावर इंटरनेटवरून नाटकाचा सारांश वाचला असेल, म्हणून सांगते. चेन्नईत अड्यारच्या ज्या कंपनीत मी पानं सजवायचं काम करते, तिथे असले सारांश बनतात. जुनी, अभिजात नाटकं, पोरांना झटपट. लिहिणारे दुसऱ्या साइटवरून उचलतात, तिनं तिसरीवरून उचललेलं असतं, आणि मूळ नाटक कुणाच्या बापानं वाचलेलं नसतं. कॉलेजात नाटक शिकवून निवृत्त झालेल्या अक्का आमच्याकडे या नोट्स तपासून तारे द्यायच्या. मी सोलापूरची, त्या तंजावरी मराठी घरातल्या. त्यांचं ते जुनं, तमिळ हेलाचं मराठी मला आधी नीट कळायचं नाही. रागावल्या की मात्र सगळं कळायचं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. नोट्स उचलणारा फक्त बोलणारी माणसं उचलतो. नाटक वाचलेल्यालाच गप्प उभं असलेलं माणूस दिसतं. एका नाटकात राजा राणीला गुपित सांगतो, तेव्हा मागे दासी पंखा हलवत उभी असते. तिला एकही वाक्य नाही. आमच्या नोट्समध्ये होतं, 'राजा आणि राणी एकांतात'.

"एकांतात? मग ती दासी काय खांब आहे? पुढे गुपित फुटतं ते कुणी फोडलं, वाऱ्यानं?"

असं म्हणून त्या उठल्या, हातात एक फाइल पंख्यासारखी धरली आणि भर ऑफिसात तो प्रवेश करून दाखवला. राजा त्याच, राणी त्याच. दासी झाल्या तेव्हा नुसत्या ऐकत राहिल्या, आणि कॉफी घ्यायला आलेली मंडळी कॉफी घ्यायची विसरली. मग खुर्चीत बसून त्यांनी त्या पानाला शून्य तारे दिले.

साहेबानं ते पान तसंच साइटवर चढवलं. वर 'तज्ज्ञांनी तपासलेले', कोपऱ्यात अक्कांचा हसरा फोटो. तपासलं होतंच की. तपासून नापास केलं होतं, तेवढंच लिहायचं राहिलं मेल्याचं.

अक्कांना हे कळलं ते भावाच्या नातीकडून. पोरीनं तेवढं एकच पान घोकलं होतं आणि परीक्षेत नेमकं विचारलं, गुपित कसं फुटलं. तिनं जागा कोरी सोडली. "पाटी, तुझा फोटो होता, म्हणून दुसरं काही वाचलंच नाही," असं ती अक्कांना म्हणाली. पाटी म्हणजे आजी.

दुसऱ्या दिवशी अक्का साहेबासमोर उभ्या. "पान काढ, नाहीतर माझं तोंड काढ. माझ्या तोंडाकडे बघून पोरं खोटं शिकतात."

"अक्का, इतक्या खोलात कोण जातं? फोटो काढू की, पुढच्या अपडेटला."

अक्कांनी तिथल्या तिथे काम सोडलं. मी साहेबाशी कडाकडा भांडले. तो म्हणाला, तुझं काम रंग आणि अक्षरांचं आहे, ते कर. ते पान बदलायचा पासवर्डही त्यानं स्वतःकडेच ठेवला.

मग एग्मोरच्या घरून त्यांचा अधूनमधून फोन यायचा. "काढला का गं?" मी नाही म्हणायचे आणि साहेबाचा उद्धार करायचे. शेवटी त्याच मला शांत करायच्या. "सरी, सरी. असू दे. जेवलीस का?" तेव्हा मला आणखीच रडू यायचं.

पोंगलनंतर अक्का गेल्या. साहेबानं ऑफिसच्या ग्रुपवर श्रद्धांजली टाकली, 'आमच्या गुणवत्तेचा आधारस्तंभ हरपला'. फोटो त्याच पानावरचा. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

काल पुन्हा ते पान उघडलं. 'राजा आणि राणी एकांतात' जसंच्या तसं आहे. बाजूला अक्का हसत, गप्प उभ्या आहेत.