भाऊजींचं हेलिकॉप्टर दोन मिनिटांत का उतरायचं

माझ्या धाकट्या दिरांनी एकतीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवली. निवृत्त झाल्यावर त्यांनी बॅटरीवर उडणारं, रिमोटचं हेलिकॉप्टर घेतलं, आणि घरातली मागची खोली त्या दिवसापासून त्याचीच झाली. रविवारी सकाळी माझी प्रार्थना आटोपली की आम्ही दोघं मैदानावर जातो. भाऊजी उडवतात, मी बाकावर वही घेऊन बसते. गवतावर दव असतं, उन्हाला अजून रंग आलेला नसतो, आणि ते यंत्र डोक्याच्या वर हातभर, एका जागी असं तरंगत राहतं की वाटतं, पापणी मिटली तर आपणही जमिनीवरून सुटू. कधी कधी मी लिहायचं विसरते. देवाला अशी सकाळ करताना बरं वाटत असेल, एवढंच मनात येतं.

गेले तीन रविवार मात्र ते तरंगेना. पहिली दोन मिनिटं छान. मग पात्यांचा आवाज दमल्यासारखा खाली यायचा, आणि भाऊजींनी रिमोटची दांडी शेवटपर्यंत रेटली तरी हेलिकॉप्टर हळूहळू गवतात बसायचं.

"बोटं गेली माझी, वहिनी. या रविवारी शेवटचं. पुन्हा पडलं तर देऊन टाकतो कोणाला तरी."

"बोटं कुठली जातात! परवा सुईत दोरा तुम्हीच ओवून दिलात."

"सुई उडत नाही."

शनिवारी त्यांनी टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून सगळं सुटं केलं. मोटरवरचं दातेरी चाक सैल नव्हतं. दाते झिजलेले नव्हते. तारांचे सांधे ओढून पाहिले, पक्के. पाती सरळ. बॅटरीला मीटर लावला, तर ती काठोकाठ भरलेली.

"बघा. यंत्रात काही खोट नाही," ते म्हणाले. "म्हणजे मीच."

त्यांचा तो चेहरा मला बघवेना. कोपऱ्यावर रेडिओ दुरुस्त करणारी बाई बसते, तिच्याकडे मी त्यांना बॅटरीसकट जवळजवळ ओढतच नेलं. तिने काही न विचारता बॅटरीला मोटारगाडीचे दोन दिवे जोडले आणि मीटर तसाच लावून ठेवला. दुकान लख्ख उजळलं. मग तो उजेड पिवळा होत गेला, संध्याकाळ उतरावी तसा, आणि मीटरवरचा आकडा भराभर खाली घसरला.

"नुसतं विचारलं तर भरलेली आहे म्हणते. काम सांगितलं की बसते," बाई म्हणाली. तिने बॅटरी दाबून पाहिली. "फुगलीय. उडवून आलात की लगेच भरून ठेवता का?"

"मग? सहाच्या सहा बॅटऱ्या. परत आलं की आधी टाकी भरायची. बोलावणं कधी येईल, सांगता येतं का?"

"हिला कोण बोलावणार, काका? आठवडा आठवडा भरलेली ठेवली की ही आतून खराब होते. ठेवायची ती निम्मी. उडवायच्या सकाळी पूर्ण भरायची. आणि या फुगलेल्या आता चार्जरला लावूच नका, पेट घेतील. सगळ्या माझ्याकडे आणून द्या."

नवीन दोन बॅटऱ्या घेऊन आम्ही निघालो. अर्ध्या वाटेवर भाऊजी थांबले. मग म्हणाले, "टाकी रिकामी होती म्हणून माझ्या गाडीत एकही माणूस कधी खोळंबला नाही, वहिनी."

"माहीत आहे हो."

रविवारी मी वही उघडलीच नाही. देवाचं नाव घेत नुसती बसले. हेलिकॉप्टर वर गेलं आणि थांबलं. दोन मिनिटं झाली. आवाज तसाच. तिसरं, चौथं. खाली त्याची सावली गवतावर पाण्यात पडल्यासारखी हलत होती. भाऊजींचे अंगठे दांड्यांवर इतके अलगद होते की ते काही करताहेत असंही वाटेना. पाचव्या मिनिटाला त्यांनी ते आपण होऊन उतरवलं, पिसासारखं.

"मग, कोणाला द्यायचं ठरलं?" मी विचारलं.

"काय कोणाला द्यायचं?" म्हणाले, आणि दुसरी बॅटरी लावायला वाकले.